खंडेनवमीच्या पाटावरचे तीन तुकडे

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत की परदेशातलं चेरीच्या झाडाचं ते घर आपण का सोडलं. तुमचे बाबा "कामामुळे" एवढंच म्हणाले. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं नाशिकला, आमच्या देवघरासमोर घडलं. ते मीच सांगायला हवं.

तुमच्या बाबांची कंपनी शर्यतीच्या मोटारींचे टायर बनवायची. सगळ्यात वरच्या दर्जाच्या शर्यतीत पूर्वी वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकमेकांशी झुंजत. आता सगळ्या मोटारींना एकाच कंपनीचे टायर असतात. त्यामुळे कंपन्यांची चुरस ट्रॅकवर दिसत नाही. ते काम कुणाला मिळणार यावरून ती आधीच होऊन जाते. त्या वर्षी दोनच कंपन्या उरल्या होत्या. काम मिळालं नाही तर बाबांचा विभाग बंद होणार, हे आम्हाला माहीत होतं.

आखातातली चाचणी संपवून तो दोन दिवस नाशिकला आमच्याकडे आला. बरोबर चाचणीत धावलेल्या टायरचे कापलेले तीन तुकडे होते, चंदेरी पाकिटांत बंद केलेले. बाकीचे नमुने मालाबरोबर गेले होते आणि कस्टममध्ये अडकले होते. म्हणजे प्रयोगशाळेत वेळेवर पोचणारे हे तीनच. "आई, थंड, कोरड्या जागी ठेव," एवढंच तो म्हणाला. उघडू नकोस हे सांगायची त्याला गरज वाटली नसेल. माझ्या कपाटातून आजवर साधी पावतीसुद्धा इकडची तिकडे झालेली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. या दिवशी ज्याचं जे हत्यार, त्याची आपण पूजा करतो. पाटावर दरवर्षीप्रमाणे तुमच्या आजोबांचा जाडी मोजायचा कॅलिपर होता; सातपूरच्या रबर कारखान्यात नोकरीभर त्यांनी तो वापरला. शेजारी विळी आणि पेपर तपासायचं माझं लाल पेन. तुमच्या बाबाला विचारलं, तर तो झोपेतच म्हणाला, लॅपटॉप ठेव. मला ते पटलं नाही. लॅपटॉप काय, बँकेतल्या कारकुनाकडेही असतो. याचं हत्यार म्हणजे रबर.

मी पाकिटं कात्रीने सरळ रेषेत कापली. देवापुढे बंद पाकीट कसं ठेवायचं? एक उघडून दोन तशीच ठेवणंही मला अपुरं वाटलं. तिन्ही तुकड्यांवर पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं. पाट छान दिसत होता.

आंघोळ करून तो आला आणि पाटाकडे बघत उभाच राहिला. मग खाली बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने मला सावकाश समजावून सांगितलं की तापल्यावर टायरच्या पृष्ठभागाचं काय होतं, तेच प्रयोगशाळेत तपासणार होते. त्यावर आता हळद होती, निरांजनाचं तूप होतं, माझी बोटं होती.

आणि मग मी जे बोलले, ते तुमच्यापासून लपवणार नाही. शाळेत कॉपी करणाऱ्या मुलींना मी कधी माफ केलं नव्हतं. पण त्या दिवशी म्हणाले, "स्पिरिटने पूस. कुणाला कळणार आहे?"

तो म्हणाला, "आई, आकडा चुकला तर त्या टायरवर माणूस बसलेला असतो. तीनशेच्या वेगाने."

आजोबा कॅलिपर पुसत होते. वर न बघता म्हणाले, "पुसलेला नमुना आम्ही फेकूनच द्यायचो."

त्याने गॅलरीत जाऊन साहेबांना फोन केला. जाळीतून मला फक्त त्याची पाठ दिसत होती. तो बराच वेळ ऐकत होता, बोलत कमी होता. मी श्रीखंडात दोनदा वेलची घातली.

त्यानंतरचे महिने मी फोनपाशी काढले. तुमच्याकडे किती वाजले असतील याचा हिशोब डोक्यात सतत चालू. तुमच्यापैकी कुणी खोकलं तरी मला वाटायचं, आता बातमी सांगणार. आजोबा म्हणायचे, "फोनलाही हळद-कुंकू वाहा, म्हणजे वाजेल." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

अडकलेले नमुने सुटले, पण अहवाल उशिरा गेला. काम दुसऱ्या कंपनीला मिळालं. विभाग बंद झाला, तुमची शाळा बदलली, चेरीचं झाड मागे राहिलं. बाबा आता बसचे टायर बनवतात. ते म्हणाले, त्या तुकड्यांमुळे काही झालं नाही. दुसऱ्यांचा टायर उन्हात जास्त टिकत होता. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. एकदाच सांगितलं असतं, तर माझा विश्वास बसला असता.

तुकडे माझ्याच कपाटात आहेत, चिठ्ठी लावून. यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशीच मी तुमच्या बाबाला फोन करून विचारलं, पाटावर तुझं काय ठेवू?

तो म्हणाला, "तेच ठेव. आता ते उघडेच आहेत."

मी ठेवले. खरबरीत भागात जुनी हळद अजून अडकलेली आहे. नवी लावायला माझा हात गेला नाही. फक्त फुलं वाहिली.