फक्त उन्हावरचा चार्जर

धायरीतल्या आमच्या घरावर सोलर बसवलं, तेव्हापासून आल्यागेल्याला गच्चीवर नेऊन ते दाखवणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग होता. मग विजेवरची गाडी आली. ती बायको चालवणार होती, कारण ती अजून कॉलेजात शिकवत होती. चार्जर निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला वेळ होता.

दुकानात दोन चार्जर होते. एक साधा, केव्हाही लावा. दुसरा हुशार. घरात वापरून सोलरची वीज उरली, तर तेवढीच गाडीला देण्याची सोय त्यात होती; सगळं मोबाइलवरच्या ॲपमधून. मी अर्थातच हुशार घेतला.

"अहो, पण ऊन असतं तेव्हा गाडी कॉलेजात असते," बायको म्हणाली.

"काढू काहीतरी मार्ग."

मार्ग असा निघाला, की आठवड्यातले निम्मे दिवस गाडी दारात ऊन खात उभी राहायची आणि बायको पेट्रोलच्या जुन्या स्कूटरवर कॉलेजला जायची. पर्यावरणासाठी एवढं तर करायलाच हवं, असं मी तिला हेल्मेट देताना सांगत असे. ती पट्टा आवळून निघायची.

हडपसरपलीकडच्या मांजरी गावात मेव्हणीच्या नव्या घराची वास्तुशांत आली, तेव्हा आठवडाभर आभाळ भरलेलं होतं. गाडी जवळजवळ रिकामी. "आज साध्या विजेवर लावा," बायकोने आदल्या संध्याकाळी सुचवलं. मी तत्त्व सोडलं नाही.

सकाळी लख्ख ऊन पडलं. मी विजयी मुद्रेने गाडीला वायर जोडली आणि दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज गेली.

"आपल्याला काय फरक पडतो? आपलं सोलर आहे," मी म्हणालो.

फरक पडत होता. बाहेरची वीज गेली, की आमचं सोलरही आपोआप बंद होतं; तारांवर काम करणाऱ्यांना धक्का बसू नये म्हणून. हे मला त्या दिवशी कळलं. ठेवणीतली साडी नेसलेल्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्कूटर बाहेर काढली. आहेराची पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसलो.

"नवी गाडी कुठंय?" मेव्हणीने दारातच विचारलं.

"घरी. ह्यांनी तिला उपास धरायला लावलाय."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

परतताना हडपसरच्या सिग्नलला बायको म्हणाली, "दिवसा आपली जास्तीची वीज बाहेर जाते, ती बिलातून वळती होते. मग रात्री घेतलेली वीज परक्याची कशी?"

"हे आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा ॲप बघत होतात."

घरी आलो तेव्हा वीज आलेली होती. मी ॲपमधलं 'फक्त सोलर' बंद केलं. एक बटण होतं. गाडी निमूटपणे भरू लागली.

"चहा ठेवताय ना?" आतून आवाज आला.

मी ठेवला.