मांडणीवरची भांडी कमी होत होती

पहिलं भांडं गेलं तेव्हा मला वाटलं, घासायला पडलं असेल. दुसरं गेलं तेव्हापासून मी मोजायला लागलो.

बायकोला जाऊन तेव्हा सात महिने झालेले. आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकमध्ये, स्वयंपाकघरात, तिची स्टीलची मांडणी भिंतीला ठोकलेली आहे. सून आल्यावर खाली ट्रॉल्या बसल्या, काचेचे डबे आले, पण त्या मांडणीला हात लावायची कोणाची टाप नव्हती. ती होती तोवर. ती गेल्यावर मी रोज सकाळी पाणी प्यायचं निमित्त करून आत जायचो आणि मांडणीवर नजर टाकून यायचो. आधी पेढेघाटी डबा दिसेनासा झाला. मग झाकणाचं पातेलं.

त्याच आठवड्यात दुपारी मी बघितलं. सून खिडकीपाशी उभी. एका हातात तांब्या उन्हात तिरका धरलेला, दुसऱ्या हाताने मोबाईलवर त्याचे फोटो काढत होती. समोरून एक, बुडाचा एक. मी दारात दिसलो तसा मोबाईल खाली गेला.

"चहा टाकू का, बाबा?"

"दोन वाजता?"

ती हसली. मी हसलो नाही.

बिल्डिंगखाली बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसतात, बँकेतून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "फोटो काढला म्हणजे विकायला काढलं. आमच्याकडे माझी आरामखुर्ची अशीच गेली. मी संडासात होतो. बाहेर येतो तर खुर्ची नाही."

"मग काय केलंत?"

"स्टुलावर बसलो." आणि म्हणाले, "सांभाळा. आज भांडी, उद्या आपले फोटो काढतील."

"आपल्याला कोण घेतंय?"

दोघंही हसलो, पण घरी जाताना जिना चढताना मला दम लागला नेहमीपेक्षा जास्त.

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर कारखान्यात फिटर होतो. मशीन आवाज करतं, त्यावरून बिघाड कुठे आहे ते मला कळायचं. हल्लीच्या घरांचा आवाजच येत नाही. आमच्याकडे संध्याकाळी हॉलमध्ये मुलगा, सून, नात आणि मी असे चौघं बसतो. तिघांच्या तोंडावर खालून उजेड. मधेच कोणी तरी हसतं. कशाला हसलं? माझ्याबद्दल आहे का? विचारलं तर "काही नाही, बाबा." काही नसताना माणूस हसत नाही.

मोबाईल नव्हता तेव्हाचं बालपण किती छान, असे मेसेज मला येतात. येतात मोबाईलवरच, आणि पाठवतो माझा मुलगा, शेजारच्या खोलीतून. विटीदांडू, गोट्या, लगोरी, खाली लिहिलेलं, 'ते दिवस परत येणार नाहीत.' मला हे सगळं अर्धं खोटं वाटतं. ठाण्याला टेंभी नाक्याच्या मागे आमच्या चाळीत मी जन्मलो, तिथेच लग्न झालं, तिथेच मुलगा झाला. तिथे फार छान होतं असं मी म्हणणार नाही. उघडं होतं. कोणाच्या घरी काय शिजलं, कोणाला नोकरीवरून काढलं, कोणाची बायको कोणावर रुसली, सगळं गॅलरीत. भांडण झालं तर समोर उभं राहून व्हायचं, आईबहिणीवरून. पण त्यामुळे एक होतं. कोण आपल्यावर जळतंय ते माहीत असायचं. संशय घ्यायला जागाच नव्हती.

लहानपणी माझ्याकडे काम होतं भांडी पोचवायचं. आईने काही वेगळं केलं की वाटी झाकून माझ्या हातात. एकदा अळूवड्या न्यायच्या होत्या, पाच. जिन्यावर मी दोन खाल्ल्या. कोणी काही बोललं नाही. संध्याकाळी पाण्याच्या वेळेला नळावर सगळ्या बायका जमल्यावर ती काकू मोठ्याने आईला म्हणाली, "अगं, आम्ही माणसं पाच, तू वड्या तीन कशा पाठवल्यास? दोघं उपाशी मरायचे होते का?" सगळा नळ हसला. मला आईने तिथेच हाणलं.

आणि भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम. त्यात काही घालूनच द्यायचं, निदान चिमूटभर साखर. म्हणून काही चांगलं होईपर्यंत ते भांडं आपल्याकडे राहायचं. तोवर दुसरं आलेलं असायचं. दुकानात भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घेत, टिकल्याटिकल्यांची अक्षरं, ती यासाठीच. प्रत्येक घरात दुसऱ्याच्या नावाची चार-दोन भांडी असायचीच. कोणाला त्यात काही वाटत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा माझी बायकोही हेच शिकली, माझ्या आईकडून.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी ते मांडणीवरच्या भांड्यांना लावून बघायचं मला सुचलं नाही. ती सगळी माझ्या डोळ्यांना बायकोची होती. तिनेच घासली, तिनेच लावली.

मांडणीवर एक कडीचा डबा होता. चाळ पाडली, आम्ही डोंबिवलीला आलो, तेव्हापासून दूध त्यातच. पिशवीचं दूध आलं तरी ती पिशवी फोडून त्या डब्यातच ओतायची. कडी एका बाजूला ढिली झालेली, ती मीच तार घालून बसवलेली. म्हटलं, हा जाऊ द्यायचा नाही. एके दिवशी सून नातीला शाळेतून आणायला गेली तेव्हा तो काढला, माझ्या शालीत गुंडाळला आणि पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवला. कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.

दुसऱ्या दिवशी सुनेने विचारलं, "बाबा, कडीचा डबा बघितलात का?"

"कुठला?"

"आईंचा दुधाचा."

"मला कशाला माहीत असेल? स्वयंपाकघर तुझं."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने सगळी कपाटं उपसली, माळ्यावर नातीला चढवलं. मी पेपर वाचत होतो. म्हणजे पेपर धरला होता. माझ्याच घरात मी चोर झालेलो, आणि तरी मनात हेच की चोर ती आहे.

रविवारी सकाळी बेल वाजली. मुलगा बाजारात गेलेला, सून आंघोळीला. मी दार उघडलं. पन्नाशीची एक बाई, हातात कापडी पिशवी.

"भांड्यासाठी आलेय," ती म्हणाली. "फोटो बघितला."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "विकायचं नाहीये."

"अहो काका..."

"काका कोणाचा? त्या भांड्यांना हात लावायचा नाही. माझ्या बायकोची आहेत ती. ती मेलीय, मी अजून मेलो नाही. जा."

बाई गेली नाही. तिचे डोळे भरले, पण आवाज खणखणीत होता. "काका, मी चाळीतली, सात नंबरची. तुम्ही कामावरून आलात की तुमच्या चपला लपवायचे ती. एकदा पाण्याच्या टाकीत टाकलेली एक, आठवतं?"

आठवलं. दुसऱ्या दिवशी मी एका पायात स्लीपर घालून कामावर गेलेलो. त्या पोरीच्या तोंडात आता चष्म्याखाली तेच दात होते, पुढचे दोन मोठे.

तेवढ्यात सून ओल्या केसांनी धावत बाहेर आली. "अहो ताई, या ना आत. बाबा, मी सांगणारच होते तुम्हाला..."

मग बसून सगळं बाहेर पडलं. चाळीतल्या पोरांचा मोबाईलवर ग्रुप आहे. माझा मुलगा त्यात आहे. कोण कळव्याला, कोण दिव्याला, एक तर नागपूरला. सून एकेका भांड्यावरचं नाव उन्हात धरून फोटो टाकत होती, आणि ज्याच्या आईचं असेल तो 'हे आमचं' म्हणत होता. पेढेघाटी डबा कळव्याला गेला. पातेलं मुलगा स्वतः देऊन आला. ही बाई दिव्याहून आलेली. तिची आई तीन वर्षांपूर्वी वारली. चाळ सोडताना तिच्या भावाने घरातली सगळी भांडी मोडीत घातली होती, नवीन घरात नवीन हवी म्हणून. "आईचं नाव कशावरच राहिलं नाही आमच्याकडे," ती म्हणाली. "तुमच्या कडीच्या डब्यावर आहे म्हणाल्या वहिनी. तुमचं मात्र आमच्याकडे काही नाही, काका. मी शोधलं."

सून माझ्याकडे न बघता म्हणाली, "डबा बाबांनी नीट ठेवून दिलाय."

तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

मी आत गेलो, ट्रंक उघडली. शाल सोडून डबा खिडकीत नेला आणि काठाखाली, कडीजवळ, बोट फिरवलं. अक्षरं घासून घासून पुसट झालेली, पण 'सौ.' लागलं बोटाला, आणि पुढचं नाव माझ्या बायकोचं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यातलं दूध प्यायलो. वाचायला काय दोन मिनिटं लागली असती.

सुनेने डबा धुतला, पुसला, त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि दिला. बाईने पिशवीत ठेवला नाही, छातीशी धरून जिना उतरली. तारेची कडी एका बाजूला लोंबत होती.

ती गेल्यावर मी सुनेला विचारलं. गोड बोललो नाही, मला येत नाही. म्हटलं, "हे तुला कोणी सांगितलं करायला?"

"आईंनी. शेवटच्या महिन्यात."

"तुला सांगितलं. मला का नाही? मी कोण होतो?"

मला खरंच तिचा राग आलेला, मेलेल्या माणसाचा. पन्नास वर्षं माझ्याबरोबर आणि गुपित सुनेपाशी.

सून म्हणाली, "तुम्हाला दोनदा सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही म्हणालात, बरी झालीस की तूच जाऊन दे."

मी म्हणालेलो. हॉलमधल्या कॉटवर ती झोपलेली, मी गोळ्या मोजत होतो. 'अहो, ती भांडी लोकांची आहेत, पोचवायला हवीत,' असं काहीतरी ती म्हणाली, आणि मी वर न बघता तेच उत्तर दिलं. कारण हो म्हटलं असतं तर ती जाणार हे कबूल केल्यासारखं झालं असतं. तेव्हा माझ्या हातात काही मोबाईल नव्हता. तरी मी ऐकलं नाही.

"त्या म्हणाल्या," सून म्हणाली, "ह्यांना काही सांगितलं की हे मला बरं करायला बसतात. तूच कर."

मी उठून गॅलरीत गेलो. खाली बाकावर बँकवाले दिसत होते. हात केला त्यांनी. मी केला नाही.

जेवण झाल्यावर सून मोबाईल घेऊन माझ्या शेजारी बसली. चार भांडी राहिलेली, कोणी ओळखत नव्हतं. पोरांना त्यांच्या आयांची नावं माहीत, शेजारणींची नाहीत. तिने दोन बोटं काचेवर फाकवली तशी अक्षरं मोठी झाली. मला करून बघायला सांगितलं. माझं बोट जाड, फोटो भलतीकडेच गेला. दोन भांड्यांची नावं मी सांगितली. एकाचं नाही आलं.

चौथी परात होती. वाचायची गरज पडली नाही. काठाला पोचा पडलेला होता, तो भांडणात पिंपावर आपटून पडलेला मी स्वतः बघितलेला. अकरा नंबर. त्या माणसाशी नळावरच्या पिंपावरून माझं इतकं वाजलं होतं की चाळ पाडेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही. बायकोलाही बजावलेलं, त्या दारात पाय ठेवायचा नाही. आणि परात आमच्या मांडणीवर. म्हणजे भांडणानंतरची. म्हणजे माझ्या पाठीमागे दोघींचं देणंघेणं चालूच होतं, आणि त्या परातीतलं मी चाटूनपुसून खाल्लेलं असणार.

"ओळखता येतंय का, बाबा?"

"नाही."

सून माझ्याकडे बघत बसली. मोबाईलची काच काळी झाली तरी तिने खाली बघितलं नाही.

"अकरा नंबर," मी म्हटलं. "टाक फोटो. पण मी ओळखलं असं लिहू नकोस."

"मग कोणी ओळखलं म्हणून लिहू?"

"तुझ्या सासूनं."