पार्टी प्लॉटवरची दाद

माझे बाबा इथं गुजरातेत, खंडेराव मार्केटात पापडीच्या ढिगाला 'वा!' म्हणतात. हिवाळ्यात पापडी आली की ते एक शेंग उचलतात, मोडतात, वास घेतात आणि भाजीवालीकडे बघून मनापासून मान हलवतात. ती खूश होऊन मूठभर जास्त टाकते. पेरूला म्हणतात, लिंबाच्या लोणच्याला म्हणतात, शेजारच्यांच्या नातवानं पाढे म्हटले तर त्यालाही म्हणतात. मला कधी म्हणाले नाहीत. शाळेत जायच्या आधीपासून मी त्यांच्यापुढे गायला बसले. आता माझ्याकडे मुली शिकायला येतात, बाहेरगावची बोलावणी येतात, क्वचित पेपरात फोटोही येतो. पण पापडीला जे मिळतं ते मला नाही. भाजीचा हेवा करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी.

बाबा संगीताचे मास्तर. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, मोठमोठ्या गवयांना समोर बसून ऐकलेले. घरदार फारसं मागे ठेवलं नाही, पण कान देऊन गेले, असं बाबा अभिमानानं सांगतात. त्या कानाचा जाच मी सोसला. एकदा एका सभागृहात माझं गाणं इतकं रंगलं की लोक उठून उभे राहिले. बाहेर आल्यावर बाबांनी स्कूटरला किक मारली आणि म्हणाले, "दुसऱ्या बंदिशीपासून तानपुरा उतरला होता. तुझ्या लक्षात आलं नाही?" बस, एवढंच. घर येईपर्यंत मी मागे बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते. अशी चिडले होते की रडूही येईना.

धाकटा भाऊही आधी त्यांच्याकडेच शिकायचा. आवाज फुटायला लागला तेव्हा एक दिवस तो उठला, तो परत बसला नाही. बाबा त्याला काही बोलले नाहीत. पुढे त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली, फतेगंजला एका मित्राच्या गॅरेजमध्ये बँड जमवला, आणि दिवसभर कंपनीत मान मोडून संध्याकाळी तिथं धुमाकूळ घालायला लागला. त्यावरून घरात कधी वाद झाला नाही. आमच्याकडे वाद व्हायचे ते माझ्या निषादावरून.

काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याच्या बँडला एका रॉक फेस्टिव्हलमध्ये वाजवायला बोलावलं. शहराबाहेर एका पार्टी प्लॉटवर दिवसभराचा कार्यक्रम होता. तो रविवारी घरी आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "बाबा, तुम्ही याल? आवाज फार असतो, पण खुर्चीची सोय करतो मी."

"येतो ने," बाबा म्हणाले. "किती वाजता बसणार तुम्ही?"

माझा कार्यक्रम असला की हेच बाबा आधी विचारतात, तानपुऱ्यावर कोण आहे, तबल्याला कोण, किती दिवस मेहनत केलीस. त्याला काहीच विचारलं नाही. माझ्यात तिथंच पहिली ठिणगी पडली.

त्या दिवशी मी आणि माझा नवरा सुभानपुऱ्याहून गाडी घेऊन निघालो, आईबाबांना घेतलं. बाबांनी दाढी घोटून कोट चढवला होता आणि कानामागे अत्तर लावलं होतं, बैठकीला निघाल्यासारखे. आईच्या पिशवीत दशम्या, चटणी, पाण्याच्या बाटल्या आणि कापूस. आई कुठंही टेकली की वाती वळते. दवाखान्यात वळते, लग्नात वळते, तर रॉक फेस्टिव्हलनं काय पाप केलं होतं?

पार्टी प्लॉट म्हणजे आमच्याकडे लग्नं लागतात ती मोठी हिरवळ. एरवी जिथं नवरानवरीच्या खुर्च्या मांडतात तिथं कपाटाएवढे स्पीकर उभे होते. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे असल्या जागीही निम्मे लोक सहकुटुंब येतात. कवट्यांचे काळे टीशर्ट घातलेली पोरं आयांनी आणलेल्या चटईवर बसून थेपले खात होती. एका बाजूला सेव-उसळ, दुसऱ्या बाजूला ताक आणि मसाला सोडा. नवरा म्हणाला, "हे बरं आहे. पोटात सेव-उसळ आणि छातीत ड्रम." मला हसू आलं नाही.

भावानं बाबांसाठी खरंच खुर्ची राखली होती, स्टेजच्या उजव्या अंगाला, अगदी पुढे. आई खुर्चीच्या पायाशी सतरंजीवर बसली. मी आणि नवरा थोडे मागे. आमच्या शेजारच्या गुजराती बाई आपल्या लेकाचा बँड ऐकायला आल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या माझ्या हातावर थेपला ठेवला. "लो ने बेन, संकोच कशाचा?" असं त्या आपल्या मराठीत म्हणाल्या. आधीचे दोन बँड झाले. ड्रमचा ठोका पडला की जमीन हादरायची, ताकाच्या पेल्यांवर लाटा उठायच्या. मग भावाचा बँड आला.

मी कान टवकारून बसले. ऐकायचं म्हणून नाही, चुका शोधायच्या म्हणून. इतक्या एकाग्रतेनं मी कुठल्या उस्तादालाही ऐकलं नसेल. आणि चुका होत्या. दुसऱ्या गाण्यात तो लयीच्या पुढे पळाला. पुढच्या गाण्यात त्याच्या एकट्याच्या वाजवण्यात एक तार किंचित चढी होती, आणि एक सुंदर जागा तो घेता घेता घाबरून सोडून गेला. प्रत्येक चुकीला मला बरं वाटत होतं. मनात म्हटलं, हे बाबांच्या कानातून सुटणार नाही. आता कळेल साहेबांना.

ते एकट्याचं वाजवणं संपलं. सगळी वाद्यं क्षणभर थांबली, आणि त्या शांततेत बाबांचा हात वर गेला. "वा!" ते म्हणाले. पापडीला म्हणतात तसं नाही, चांगलं खड्या आवाजात. पुढच्या रांगांतल्या सगळ्यांनी ऐकलं. माना वळल्या. कोट घातलेल्या म्हाताऱ्याला बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. स्टेजवर भावानं गिटारवरचा हात काढून कानाच्या पाळीला लावला आणि वाकला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "दादाने तो मजा पडी गई!" म्हणजे आजोबांना भलतंच आवडलं.

मी जळले. दुसरा शब्द नाही त्याला. पहाटेचा खर्ज मी लावायचा, थंडीत, घसा बसेपर्यंत. एकेक तान बाबा जितक्या वेळा म्हणायला लावतील तितक्या वेळा मी घ्यायची. मैत्रिणी सिनेमाला जायच्या तेव्हा मी घरी बसायचं. आणि वा कुणाला, तर जो मांडी मोडून उठून गेला त्याला! नवऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शहाण्यासारखा सोडा आणायला निघून गेला.

बँड खाली उतरला तशी मी पाण्याची बाटली घेऊन बाबांकडे गेले. खरं म्हणजे भांडायला. "बाबा," मी म्हटलं. त्यांनी बघितलं नाही. "बाबा!" तरी नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले, आणि मला दिसलं. दोन्ही कानांत कापूस. आईच्या हातचा, नीट वळलेला, आतपर्यंत बसवलेला.

त्यांनी एका कानातला काढला. "छातीत धडधड होते गं, फार मोठा आवाज आहे. हिनं दिला पहिल्याच बँडला."

"म्हणजे त्याचं ऐकलंच नाहीत तुम्ही?"

"कुठून ऐकणार?"

"मग वा कशाला म्हणालात?"

"तो सारखा बघत होता ने माझ्याकडे," बाबा म्हणाले, आणि पाणी प्यायले.

आधी मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. ती वा खोटी होती, धरायचीच नाही. पण लगेच मी पुन्हा पेटले. मीसुद्धा सगळा जन्म बघतच होते त्यांच्याकडे. माझ्यासाठी कधी कान झाकले नाहीत त्यांनी. चाळिशी उलटलेली बाई बापाला काय म्हणणार, की मलाही खोटी चालली असती?

भाऊ घामानं निथळत आला. सात-आठ वर्षांचा असताना पतंग कापून गच्चीवरून खाली पळत यायचा, तसा. "ताई, ऐकलंस? बाबा वा म्हणाले!" अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या. दोन शब्दांचं काम, कानात कापूस. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं." आई मान खाली घालून वाती वळत राहिली. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी तो आमच्याच गाडीतून परत निघाला. बाबा पुढे नवऱ्याशेजारी, मागे आई, मी आणि भाऊ. गिटार त्याच्या गुडघ्यांत उभी. बराच वेळ तोच बोलत होता, मित्र काय म्हणाले, पुढच्या वर्षी परत बोलावणार म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यानं सहज विचारलं, "ताई, तुला बाबा पहिल्यांदा वा कधी म्हणाले गं? तुला आठवतही नसेल ने?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. सुभानपुऱ्याची दुकानं मागे जात होती. उत्तर बाबांनी दिलं, मागे न वळता. "तिला अजून म्हटलेलं नाही."

भाऊ हसला. कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "का?"

"तिचं चालू आहे अजून," बाबा म्हणाले.

मी भावाकडे बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, आणि ती नजर मला ओळखू आली. दुपारभर माझ्या तोंडावर तीच होती. माझा हेवा करण्यासारखं काय आहे, असं मी त्याला विचारणार होते. तेवढ्यात तो पुढे वाकला आणि बाबांच्या सीटवर हात ठेवून हळूच म्हणाला, "बाबा, माझं कुठं चुकलं ते सांगा ने. उठून गेल्यापासून तुम्ही मला कधी सांगितलंच नाहीत."

बाबांनी मान वळवली. भावाकडे नाही, माझ्याकडे. बाबांच्या चेहऱ्यावर गोंधळ मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. ते काय सांगणार होते? ऐकलं होतं फक्त मी.

"दुसऱ्या गाण्यात पळालास," मी म्हटलं. "ड्रमवाल्याच्या पुढे गेलास. नंतर एकट्यानं वाजवताना वरची तार चढी होती. आणि ते संपायच्या आधी एक जागा घ्यायला निघालास नि सोडलीस. ती सोडायला नको होतीस. चांगली होती."

भाऊ माझं ऐकत होता, पण डोळे बाबांवर. "खरंच सोडली मी ती. घाबरलो," तो म्हणाला. "बाबा, हेच म्हणायचं होतं तुम्हाला?"

"हेच," बाबा म्हणाले.

"मानलं! इतक्या गोंगाटात!" भाऊ म्हणाला. घर येईपर्यंत तो बाबांनाच विचारत होता, ती जागा कशी घ्यायला हवी होती, हात कुठं ठेवायचा, लय कशी धरायची. बाबा जमेल तसं सांगत होते. आणि मी आई आणि गिटार यांच्यामध्ये अंग चोरून बसले होते, आणि आता मला हेवा वाटत होता तो भावाचा नाही, बाबांचा.