डावं मागचं चाक

माझ्या यजमानांनी फैजपूरचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान बंद केलं आणि शाळेची एक जुनी मिनीबस घेऊन तिचं घर केलं. सीटा काढून दोन पलंग, खिडकीशी छोटा ओटा, ओट्याखाली गॅसची लहान टाकी. "आता फिरायचं," म्हणाले, आणि आम्ही खरंच फिरलो. पुढे त्यांना विसरायला व्हायला लागलं. एका सकाळी डबा घेऊन ते बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. जळगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ही सुरुवात आहे, गाडी शक्यतो चालवू देऊ नका. शिरपूरच्या कॉलेजात शिकवणारी आमची मुलगीही फोनवर तेच बजावत होती. मला मात्र ते त्यांना सांगवत नव्हतं.

पावसाळाभर गाडी दारात उभी होती. ऊन पडलं तसे हे म्हणाले, "चल, लेकीकडे जाऊन येऊ." मला नाही म्हणता आलं नाही.

धुळं मागे पडलं आणि गाडी जड वाटायला लागली. "ओढत नाहीये गं," हे म्हणाले. रस्ता सपाट, सामानही फारसं नाही. मग जळकट वास आला. तो पुढच्या ट्रकचा असेल असं मी धरून चालले. नरडाण्याच्या अलीकडे एक मोटारसायकलवाला आमच्या बरोबरीला आला आणि हात हलवत ओरडला, "आबा, मांगला चाकमाईन धूर निंघी ऱ्हायना!"

यांनी गाडी कडेला घेतली. मी आरशात पाहिलं. डाव्या मागच्या चाकातून पांढरा धूर येत होता. माझी नजर हँडब्रेककडे गेली. लिव्हर खाली, म्हणजे सोडलेला होता. पण निघाल्यापासून तो खालीच होता, की यांनी आत्ता उतरायच्या आधी सोडला? घरून निघताना मी पाहिलं नव्हतं. 

"आधी टाकी बाहेर काढ," हे म्हणाले.

मी रेग्युलेटर काढला आणि टाकी उचलून कपाशीच्या बांधापाशी लांब नेऊन ठेवली. परत आले तोवर मोटारसायकलवाल्याने आमचा पाण्याचा कॅन उचलला होता.

"पाणी नको!" हे एवढ्या जोरात ओरडले की तो जागच्या जागी थांबला. "ब्रेकचा ड्रम लालबुंद तापलाय, तडकेल. आपोआप निवू दे."

चाकांना पुढून-मागून दगड लावून झाले. हे डाव्या चाकापाशी वाकले. मग मला म्हणाले, "उजव्या चाकापाशी जा. हात लावू नकोस, नुसता जवळ धर."

मी गाडीला वळसा घालून गेले. खाली वाकून तळहात चाकासमोर धरला. धग नव्हती. आणखी जवळ नेला. उन्हात उभ्या गाडीचं असतं तेवढंच कोमट.

"गार आहे," मी ओरडून सांगितलं.

 मी परत गेले तर हे रस्त्याच्या कडेला मातीतच बसले होते.

"हँडब्रेक ओढलेला राहिला असता, तर दोन्ही चाकं तापली असती," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "एकच तापलंय. म्हणजे ब्रेक त्या चाकातच अडकलाय."

मी मान हलवली.

"तुला वाटलं, मी विसरलो."

मी त्यांच्या शेजारी मातीत बसले.

"मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "लिव्हर खाली दिसला, पण तो मी घरी सोडला की आत्ता, ते आठवेचना. अजूनही आठवत नाहीये."

 मी त्यांचा हात धरला. मोटारसायकलवाला कॅन खाली ठेवून म्हणाला, "नरडाण्याहून मिस्तरी लई येस," आणि त्याला आणायला गेला.

मिस्तरी आला तोवर धूर थांबला होता. त्याने जॅक लावून चाक उचललं. ते हाताने फिरेना. ड्रम निघायलाही बराच वेळ लागला. हँडब्रेकची डाव्या बाजूची केबल पावसाळ्यात उभ्या उभ्या आतून गंजली होती. लिव्हर सोडला तरी ती मागे सरकत नव्हती, आणि ब्रेकचे लायनर घासत राहिले होते. ते काळे पडले होते, बेअरिंगमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर आलं होतं. मिस्तरीने केबल सोडवून ठेवली. हळूहळू नरडाण्यापर्यंत जाईल, म्हणाला.

यांनी खिशातून चावी काढून त्याच्यापुढे धरली. "तुम्हीच न्या."

मिस्तरी म्हणाला, "आबा, तुम्ही चालवा की. मी गाडीच्या मागेमागे येतो."

"नको," हे म्हणाले. "आता नको."

हेच तर मला हवं होतं. पण ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मी बांधापाशी ठेवलेली टाकी आणायला वळले.

फोन केल्यावर मुलगी शिरपूरहून तिची गाडी घेऊन आम्हाला न्यायला आली. वाटेत यांनीच तिला सांगितलं, "मी यापुढे गाडी चालवणार नाही." तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. आईने बाबांना सांगितलं, असंच तिला वाटलं असणार. मी तिची समजूत दुरुस्त केली नाही.

दिवाळीनंतर, दुरुस्त झालेल्या मिनीबसला ड्रायव्हर ठेवून आम्ही पुन्हा निघालो. हे मागच्या पलंगावर खिडकीशी बसले होते. सातपुड्याचा घाट लागला तेव्हा ते पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "हँडब्रेक पूर्ण सुटलाय ना, बघ."