भाऊजींच्या सुरीवरच्या लाटा

प्रिय ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी ईशानने मला फोनवर एक सुरी दाखवली. तिकडे कुठल्याशा वर्गात जाऊन त्याने ती स्वतः ठोकून केली. जपानी घाटाची, पात्यावर पाण्यासारख्या लाटा असलेली. "आजी, अशी सुरी तू कधी पाहिली नसशील," असे तो म्हणाला. मी "छान आहे" एवढेच म्हटले, कारण खरे उत्तर फोनवर मावणारे नव्हते. ते आता क्रमाने लिहिते.

तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाला मी भाऊजी म्हणत असे. भाऊजींच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. उजवा हात अस्वलासारखा आणि डावा नुकतीच मुंज झालेल्या बटूच्या डोक्यासारखा. विळी, कात्री, दाढीचे पाते, शेजाऱ्यांचा नारळ सोलायचा कोयता, कुठल्याही वस्तूची धार ते आधी त्या हातावर फिरवून बघत. लग्नानंतर मी प्रथम तो हात पाहिला तेव्हा त्यांना काहीतरी त्वचारोग आहे असे समजून महिनाभर त्यांचा टॉवेल वेगळा वाळत घातला.

ते सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत नकाशे काढत. "आधी रेघ, मग हात" हे त्यांचे ब्रीद. खिळा ठोकायचा तरी आधी भिंतीचा नकाशा निघे. एकदा पापड कुठे वाळत घालावेत असे जाऊबाईंनी विचारले, तर भाऊजी गच्चीवरच्या उन्हाचा नकाशा काढायला बसले. तो पुरा होईपर्यंत ऊन गेले. "नकाशा बरोबर आहे," भाऊजी म्हणाले, "सूर्य थांबला नाही."

जाऊबाई म्हणजे भाऊजींची बायको. माहेर कुही गावाकडचे, हाताला विलक्षण चव आणि जीभ त्याहून तिखट. सत्तरच्या दशकात एका हिवाळ्यात त्या अंगणात घसरून पडल्या. गुडघा बरा झाला, पण दुमडेना. तेव्हा आमच्याकडे भाजी चिरायची ती जमिनीवर बसून, विळीवर. भाऊजींनी नकाशा काढून उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा बांधून घेतला, पण विळीचे काय करणार? त्यांनी ती टेबलावर ठेवून पाहिली. मग जाऊबाईंनाही टेबलावर चढावे लागणार हे ध्यानात आले.

"मले देवीसारखी चौरंगावर बसवून राहिले का जी?" जाऊबाई म्हणाल्या. "मंग हारही घाला."

घरात बाजारातली एक सुरी होती. ती टोमॅटो कापत नसे, दाबत असे. त्यामुळे विळीवरचे चिरणे माझ्याकडे आले आणि जाऊबाई खुर्चीवर बसून देखरेख करू लागल्या. "काय वं, भेंडी चिरून राहिली का तिच्यावर सूड घेऊन राहिली?" असे रोज काहीतरी ऐकायला मिळे. मला त्याचे काही वाटत नसे. पण एका दुपारी, सगळे जेवत असताना, त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "यंदा लोणचं विकतच आणा."

 आमच्या घरात विकतचे लोणचे कधी आले नव्हते. उलट निम्म्या नातेवाइकांच्या बरण्या जाऊबाईंच्या हातच्या लोणच्याने भरत. भाऊजींचा घास हातातच राहिला. लोणच्याच्या कैऱ्या बाजारात यायच्या आत बायकोला उभ्याने चिरता येईल असे पाते द्यायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले असावे.

कचेरीतले एक साहेब जपानला जाऊन आले होते. त्यांच्याकडे भाजीची एक सुरी असल्याचे भाऊजींनी ऐकले आणि ती बघायला ते ट्रेसिंग पेपर घेऊन गेले. पाते रुंद, धार सरळ, टोक नाहीच, आणि अंगभर लाटा. भाऊजींनी तिचा नकाशा उतरवला. मग सवयीने बाही वर करून ती हातावर फिरवली, तेव्हा साहेबांच्या पत्नीने मुलांना आतल्या खोलीत नेले.

घरी येऊन त्यांनी साहेबांकडून ऐकलेली कृती आम्हाला समजावली. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, तापवून ठोकून एक करायच्या, दुमडायच्या, पुन्हा ठोकायच्या.

"म्हणजे घडीची पोळी," जाऊबाई म्हणाल्या.

"अगदी तशीच."

"मंग घड्यांच्या मधात तेल लावा. पदर सुटतीन."

"पदर सुटायलाच नको आहेत."

"मंग घड्या कशाले घालून राहिले?"

 भाऊजी आणखी एक नकाशा काढायला गेले.

खाप्याला त्यांच्या ओळखीचे एक लोहार होते, सुखदेवजी. दर रविवारी भाऊजी बसने तिकडे जाऊ लागले. पिशवीत लाकूड कापायच्या आरामशीनचे मोडके पाते, जुन्या कानशी, आणि पोरांचे तोंड आले की लावायला ठेवलेला घरातला टाकणखार. तो पट्ट्यांमध्ये टाकला की लोखंड नीट जुळते म्हणे. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी कुणाचेही तोंड आले की त्याला पाण्याने चूळ भरायला सांगत.

"साहेब," सुखदेवजी म्हणाले, "दोन लोखंडं एक करा म्हणता, अन् मंग ते दोन दिसले पाहिजे म्हणता. तर एक काहून करून राहिलो आपण?"

पहिला तुकडा चिरोट्यासारखा उलगडला. भाऊजींनी तो घरी आणून दाखवला. जाऊबाईंनी नीट पाहिला आणि म्हणाल्या, "पोळी म्हणून चांगली जमली."

पुढचा तुकडा टिकला. तापलेले पाते तेलात बुडवून कडक करायचे, म्हणून भाऊजी घरून जवसाच्या तेलाचा डबा घेऊन गेले. लाल पाते तेलात गेल्याबरोबर वास खाप्याच्या अर्ध्या बाजारात पसरला आणि भट्टीपुढे माणसे जमली. "भजे कायचे आहेत जी?" एकाने विचारले. भाऊजींनी त्याला पोलादाची घडण समजावून सांगितली. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "म्हणजे भजे नाहीत."

मग घरी दगडावर घासणे सुरू झाले. कचेरीतून आले की भाऊजी मोरीशी बसत आणि घाशीत. पाते लखलखू लागले. तुमचे आजोबा त्यात बघून भांग पाडत. सगळे होते, फक्त लाटा नव्हत्या. खडबडीत असताना दिसत नव्हत्या, चकचकीत झाल्यावर तर मुळीच नाही. सुखदेवजींनी दोष आरामशीनच्या पात्याला दिला, भाऊजींनी स्वतःला. त्यांनी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली. तेवढ्यात कैऱ्या आल्या.

"सुरी द्या," जाऊबाई म्हणाल्या.

"अजून लाटा आल्या नाहीत."

"मले लाटा नाही चिरायच्या. कैऱ्या चिरायच्या आहेत."

भाऊजींनी सुरी काढून दिली, कोयीला लावू नका असे बजावले आणि बघवत नाही म्हणून कचेरीला निघून गेले. जाऊबाई ओट्याशी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि पहिली कैरी कापली. मग त्या थांबल्या, फोड उचलून उजेडात धरली आणि दुसरी कैरी घेतली. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "तू खुर्चीवर बस." मी बसले. सगळे टोपले संपेपर्यंत त्या उभ्या होत्या, आणि मधूनच माझ्या जुन्या भेंड्यांची आठवण काढून हसत होत्या.

भाऊजी संध्याकाळी आले तेव्हा सुरी तशीच, न धुता पडली होती. कैरीच्या आंबटाने काळी पडलेली. त्यांनी धावत जाऊन ती नळाखाली धरली, आणि नळ वाहता ठेवून तिथेच उभे राहिले. एक पोलाद काळे झाले होते, दुसरे पांढरेच राहिले होते. पात्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाटा होत्या. लाटांना आंबट हवे होते एवढेच. हे ना साहेबांना ठाऊक होते, ना लोहाराला, ना जाऊबाईंना. भाऊजी ती सुरी घेऊन पूर्ण आळीत फिरले, त्यामुळे दोन घरांची दारे आतून बंद झाली.

नंतर त्यांना नादच लागला. सुरीला रोज चिंच, लिंबू, आंबट ताक. शेवटी जाऊबाईंनी विचारले, "सुरीले डोहाळे लागले का जी?"

लोणचे त्या वर्षी काळे झाले. सगळ्या बरण्या. भाऊजी ती वाटताना प्रत्येक नातेवाइकाला सांगत की यात लोह आहे, रक्त वाढते. कुणीही बरणी परत केली नाही. जाऊबाईंनी स्वयंपाकघर परत घेतले ते पुढे कुणाला दिले नाही. आणखी एक सुरी करा असे पुष्कळांनी सुचवले. भाऊजी म्हणत, "दुसरी केली तर पहिलीला वाईट वाटेल," आणि बायकोकडे बघत नसत.

ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस गेले. जाऊबाई त्यानंतरही बरीच वर्षे ओट्याशी उभ्या राहून चिरत होत्या. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुले चिरता नाही येत, पण ठेव."

पाते झिजून आता दोन बोटे रुंद उरले आहे. मूठ मी दोनदा बदलून घेतली. लाटा आहेत, आणि आज सकाळी मी तिने दोडका चिरला.