अगत्याच्या तावडीत

वर्सोव्याला बोंबील वाळत घालतात ते जबड्यात जबडा अडकवून. एक ओढला की दुसरा येतो. आमच्या शाळेतले किस्सेही तसेच! मी काशीहून शिकून परतले आणि या शाळेत लागले. प्रजासत्ताक नवं कोरं होतं आणि मीही.

पहिल्याच दिवशी हेडसर म्हणाले, "मुलींचा वर्ग काढलाय खरा, पण इन्स्पेक्टर येतील तेव्हा बाकं रिकामी दिसली तर वर्ग बंद!"

"मी कोळीवाड्यात घरोघर जाईन!"

"जरूर जा. फक्त उपाशी पोटी जा."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

*

पहिल्या घरी चहा. दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी "चहा नको" म्हटलं, तर सरळ पान मांडलं! सोबत आमच्या शिवणाच्या सावंतबाई होत्या, मूळच्या मालवणच्या. त्या कुजबुजल्या, "अगो, 'नको' असा म्हणू नको. नको म्हटला की जास्त वाढतत!"

*

मी संस्कृतची पदवीधर. मधल्या सुट्टीत सांगू लागले, "अगत्य हा शब्द 'अगती'वरून आला. अगती म्हणजे दुसरी वाटच नसणं. आधी ती नुसती निकड होती, मग तिला माया चिकटली. पाहुण्याला बोलावल्यावाचून राहवत नाही, ते अगत्य!"

हेडसर म्हणाले, "आणि पाहुण्याला जेवल्यावाचून सुटता येत नाही, तेही!"

*

हिराबाय कोळणीला मी स्त्रीशिक्षण, देश, लोकशाही, बाकं रिकामी राहिली तर वर्ग बंद, सगळं समजावलं. ती मासे तळत ऐकत होती. शेवटी तिने ताट पुढे केलं.

"मी मासे खात नाही हो."

ती हळहळली. "नाय खात? आन् सरकार तुलाच पोरी शिकवाला धाडतं?"

दुसऱ्या दिवशी तिची चंद्रा शाळेत हजर. हातात नारळ! "आय बोलली, बाईंना अशक्तपणा हाय. पयला त्यांना खायला घाल, मंग शिक."

*

इन्स्पेक्टर आले नेमके त्या सकाळी, जेव्हा मचवे मासळीने भरून किनाऱ्याला लागले होते. मुली सगळ्या बाजारात. आता वर्ग गेलाच! हेडसर माझ्याकडे बघेनात. आम्ही वर्गात शिरलो, तर बाकं गच्च भरलेली. मला काही कळेना. इन्स्पेक्टरांनी हजेरी घेतली.

"चंद्रा?"

"हजर!" मागच्या बाकावरून हिराबाय गरजली. मांडीवर पाटी, शेजारी साऱ्या आया दाटीवाटीने.

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. "बाई, मुलगी कुठाय?"

"बाजारात. हिशेब तिला येतो, मला नाय. म्हनून ती माज्या जागेवर, मी तिच्या!" मग सरकून तिने बाकावर जागा केली. "तू उबा कशाला, मास्तर? बस ना!"