साहेबाची बेटं आणि तांडेलांचं घर

तर्जनी जिभेला लावायची, हवेत उभी धरायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "वारा हाय, पन कामाचा नाय." समुद्रावर हे शोभलं असतं. आमचे तांडेल कतारमध्ये, दोह्यात, किराणा दुकानाच्या दारातही हेच करायचे, आणि मागची रांग खोळंबायची.

माणूस रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. माझ्या इंग्रज साहेबाची शिडाची होडी सांभाळायचे. खरं नाव पासपोर्टपुरतं; होडी हाकणारे म्हणून आम्हा मराठी मंडळींना ते तांडेलच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. साहेब रिटायर व्हायला आला होता आणि त्याला एकच वेड: मॅडमला घेऊन त्याच होडीतून वर्षभर दूरच्या बेटांवर हिंडायचं. साधीसुधी बेटं नव्हेत हं! फोन नाही, दुकान नाही, माणूस औषधालाही नाही, अशी. तो ऑफिसात फोटो दाखवायचा आणि आम्ही "ब्यूटिफुल, सर" म्हणायचो. न म्हणून जातो कुठे?

तांडेलांनी फोटो निरखला. "माड, वालू, पानी. ह्यो तर आमचा गाव! मानसं तिथंबी नायत. सगली हितं आल्यात."

साहेबाने त्यांनाच सोबत चला म्हटलं, दुप्पट पगारावर. आमच्या खोलीवरचे सगळे "यल्ला, यल्ला, निघा!" करायला लागले. पण तांडेलांनी बायकोला शब्द दिला होता, आता येतो तो कायमचा. लग्न झाल्यापासून वर्षाकाठी एक महिना घरी, बाकी इथे.

"साहेब नि मॅडम, दोघंच, वरीसभर होडीतल्या येवढ्याशा खोलीत," ते मला म्हणाले. "आमी असे कवा र्‍हायलो, सांगा?" म्हणाले आणि हसले. मला मात्र हसूच येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबाला नकार दिला. साहेब चकितच. "पण तो स्वर्ग आहे स्वर्ग!" असं तो इंग्रजीत म्हणाला.

"येस, सर," तांडेल म्हणाले. "माय वाइफ नॉट देअर."

तरी जाण्याआधी त्यांनी होडीची शिडं शिवून दिली, मॅडमला मासा साफ करायला शिकवला. मॅडम डोळे मिटून सुरी चालवायची. बोटं शाबूत राहिली हीच अल्लाची मेहरबानी. साहेब दुसरा खलाशी घेऊन निघाला आणि तांडेल गावी गेले.

महिनाभराने त्यांचा फोन आला.

"काय तांडेल, चैन आहे बुवा तुमची!"

"कसली चैन? सकाली बायकोनं माल्यावरची बॅग काढलीन. मसाला, सुकट, लोनचं, सगलं भरलान. मी म्हटलं, अगं, कुनासाठी? तर म्हनते, महिना झाला नाय का?"

"अहो, मग तिला सांगितलं नव्हतंत, आता जायचं नाही म्हणून?"

"शंभरदा सांगितलं. हूं हूं करायची." त्यांनी आवाज खाली आणला. "आता बॅगेपाशी बसून रडत्येय. मी भायेर येऊन तुमाला फोन लावलाय. आत जाऊन काय बोलू?"

"काही बोलू नका," मी जवळजवळ ओरडलोच. "आत जा आणि बॅग रिकामी करा!"